मदत हवी आहे: ऑगस्टमध्ये आरव्हीने लेक सुपीरियरचा उत्तर किनारा

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात शिकागोहून आरव्हीने (राहायची सोय असलेल्या गाडीने) निघायचं ठरतंय. हाताशी नऊ दिवस. माणसं पाच: आम्ही दोघं, सात आणि तीन वर्षांची मुलं, आणि पुण्याहून बी-२ व्हिसावर आलेल्या सासूबाई. वाटेत मिनीॲपोलिसला मित्राकडे एक मुक्काम, मग डुलुथवरून हायवे ६१ धरून किनाऱ्याने वर ग्रँड मरे, आणि सीमेपलीकडे थंडर बेला मैत्रिणीकडे दोन रात्री. २८ फुटी क्लास सी (ड्रायव्हरच्या डोक्यावर झोपायची जागा असलेली आरव्ही) बघून ठेवली आहे. तंबूची सवय आहे, आरव्ही पहिल्यांदाच.

विचारायचंय ते असं: मार्ग झेपेल का? मित्राच्या ड्राइव्हवेत गाडी लावून आत झोपता येईल का? पाच जणांना पाणी किती दिवस पुरतं? स्वयंपाक रोज आतच करणार आहोत, इंडक्शन नेऊ का? आणि सासूबाईंच्या कॅनडा प्रवेशाचं काय?

सह्यकडा
मार्गापासून सुरुवात करतो, बाकीचं बरंचसं त्यावरच अवलंबून आहे. शिकागो ते मिनीॲपोलिस ४०० मैल. २८ फुटी आरव्ही ताशी ६०-६५ मैलांच्या वर नेऊ नये, आडव्या वाऱ्यात ती लेनभर ढकलली जाते. म्हणजे थांबे धरून आठ-नऊ तास. गॅलनला ८ ते १० मैल जाते, तेव्हा नुसत्या या टप्प्याच्या जाण्यायेण्याला ८० ते १०० गॅलन पेट्रोल. भाड्यात रोजचे ठरावीक मैलच धरलेले असतात, वरच्या मैलांचे पैसे वेगळे.

त्यापेक्षा शिकागोहून कारने जा, आरव्ही मिनीॲपोलिसला भाड्याने घ्या आणि कार सोबत न्या. एकाने आरव्ही चालवायची, दुसऱ्याने मुलं आणि सासूबाईंना घेऊन कार. यात सगळ्यात मोठा फायदा मुलांच्या सुरक्षेचा. क्लास सीमध्ये कार सीट बसवायला डायनेटचं (जेवणाच्या टेबलाचं) बाकडं असतं, आणि त्यातलं एक बाकडं बऱ्याचदा मागे तोंड करून असतं. कार सीट आडव्या किंवा मागे तोंड केलेल्या बाकड्यावर कधीच लावायची नाही. पुढे तोंड असलेल्या बाकड्याखाली नुसतं प्लायवूड असेल तर तेही उपयोगाचं नाही. कारमध्ये हा प्रश्नच उरत नाही.

दुसरं म्हणजे, आरव्ही एकदा लावली की हलवायला लागत नाही. नाहीतर प्रत्येक धबधब्याला जाताना वीज काढा, पाणी काढा, कपाटं बंद करा, स्लाइड (बाहेर सरकणारी भिंत) आत घ्या.

मिनीॲपोलिस ते डुलुथ १५५ मैल, पुढे ग्रँड मरे ११०. दोन तळ करा, तीन-तीन रात्रींचे. पहिला टेटेगूश किंवा टेम्परन्स रिव्हर स्टेट पार्क, विजेची जागा बघून. गूजबेरी फॉल्स बघायला जा, पण तिथल्या कॅम्पग्राउंडला वीज नाही. दुसरा तळ ग्रँड मरे गावाचं कॅम्पग्राउंड. वीज-पाणी-ड्रेन तिन्ही मिळतं आणि गाव पायी अंतरावर. जाता-येता मित्राकडे एकेक रात्र. आठ रात्री भरल्या.

मिनेसोटा स्टेट पार्कचं बुकिंग १२० दिवस आधी उघडतं. ३ ऑगस्टच्या रात्रीसाठी ५ एप्रिलला बसायला हवं. सलग तीन रात्री नाही मिळाल्या तर रद्द झालेल्या जागांची सूचना लावून ठेवा. पार्कचा वाहन परवाना वेगळा, दोन्ही गाड्यांना लागतो.

खडीसाखर
पाणी आणि विजेचं मी सांगते.

या आकाराच्या गाडीत स्वच्छ पाणी साधारण ४० गॅलन, ग्रे टँक (बेसिन-शॉवर) ३० ते ४०, ब्लॅक टँक (संडास) तेवढाच. नेमके आकडे कंपनीकडून घ्या. पाच माणसांत आधी भरतो तो ग्रे. आत रोज अंघोळ केलीत तर दोन दिवसांत. पार्कच्या शॉवरला अंघोळी करा, मग तीन दिवस निघतात. खरकटं, डाळीचं पाणी, फोडणीचं तेल बेसिनमध्ये जाऊ देऊ नका. ताटं कागदाने पुसून मग धुवा, बेसिनला बारीक जाळी लावा. उन्हात तोच टँक कुजून वास मारतो आणि लोक उगाच संडासाला दोष देतात.

ड्रेन जोडलेला असला तरी ब्लॅकचा व्हॉल्व्ह बंदच ठेवायचा. उघडा ठेवलात तर पाणी वाहून जातं आणि घट्ट भाग तळाशी साचून ढीग होतो, तो मग निघता निघत नाही. दोन-तृतीयांश भरला की रिकामा करायचा. हातमोजे घाला, नळी फिरवून पक्की बसवा, दुसरं टोक भोकात अडकवून वर दगड ठेवा. आधी ब्लॅक, तो बंद करून मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुतली जाते. शेवटी ब्लॅकमध्ये दोन-तीन गॅलन पाणी आणि टँकचं औषध. पॅनलवरचे दिवे "भरला" दाखवत राहिले तर सेन्सरला कागद चिकटलेला असतो, टँक भरलेलाच असेल असं नाही.

इंडक्शन: गाडीची वीजजोडणी ३० अँपिअरची. ३० अँपिअर गुणिले १२० व्होल्ट म्हणजे ३,६०० वॉट, एवढ्यात सगळं भागवायचं. एसी १,५००च्या आसपास, इंडक्शन पूर्ण जोरावर १,८००, मायक्रोवेव्ह लावला की ब्रेकर पडला. गाडीत गॅसची शेगडी असते, फोडणी तिच्यावर किंवा बाहेरच्या टेबलावर करा. आत करताना छताचा पंखा आणि खिडकी दोन्ही उघडा, नाहीतर धुराचा अलार्म वाजतो. त्याची बॅटरी काढून ठेवणं मात्र कधीही नको, शेजारी गॅस आहे.

मित्राकडे राहायला हरकत नाही, पण आधी त्याच्या सोसायटीचा आणि शहराचा नियम विचारा. काही ठिकाणी रात्रभर आरव्ही उभी करू देत नाहीत. ड्राइव्हवेला चढ असेल तर मागचा भाग घासतो, आणि झाडाच्या फांद्या १२ फुटांच्या वर हव्यात. घराच्या बाहेरच्या प्लगमध्ये १५ अँपिअर असतात: अडॅप्टर आणि १० किंवा १२ गेजची जाड, जमेल तेवढी आखूड केबल. त्यावर दिवे आणि बॅटरी चार्जिंग, एसी नाही. फ्रिज गॅसवर टाका, आणि गाडी समपातळीत हवी, नाहीतर तो गार होत नाही. टँक पोचण्याआधीच रिकामे केलेले बरे.

झोपण्याचं: ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या बंकला शिडी आहे, सासूबाईंना मागचा पलंग द्या.

धागाकर्ती
कार नेण्याचं डोक्यात आलंच नव्हतं. पटलं. पण मग थंडर बे सोडून द्यावं का? मैत्रीण फार आग्रह करतेय.

दूरदेशी
सासूबाई भारतीय पासपोर्टवर असतील तर अमेरिकेचा व्हिसा कॅनडाला चालत नाही, कॅनडाचा व्हिसिटर व्हिसा वेगळा काढावा लागतो, आणि त्याला लागणारे आठवडे आधी सांगता येत नाहीत. ग्रीन कार्डवाल्यांना व्हिसा लागत नाही, वैध पासपोर्ट आणि कार्ड पुरतं. तुम्ही दोघं एच-१बीवर असाल तर तुम्हालाही कॅनडाचा व्हिसा हवा. शिवाय भाड्याची गाडी सीमेपार न्यायला कंपनीची लेखी परवानगी आणि कॅनडात चालणारा विमा लागतो.

आग्रह मोडू नका, जागा बदला. मैत्रिणीकडे अमेरिकेत यायची कागदपत्रं असतील तर तिलाच ग्रँड पोर्टेज स्टेट पार्कला बोलवा. थंडर बेहून सीमा तासाभराच्या आत, पार्क सीमेला लागूनच. पिजन नदीचा १२० फुटी हाय फॉल्स तिथे आहे. अर्ध्या मैलाची वाट सोपी आहे, सासूबाईंनाही जमेल. तिथे कॅम्पिंग नाही, त्यामुळे ग्रँड मरेहून सकाळी कारने जा आणि तिला रात्री तुमच्या तळावर जेवायला आणा. वेळ ठरवताना लक्षात ठेवा: ऑन्टॅरिओच्या त्या भागातलं घड्याळ तासभर पुढे आहे.

सह्यकडा
राहिलेलं. शेकोटीचं लाकूड घरून नेऊ नका, पार्कजवळचं प्रमाणित लाकूडच घ्या. झाडं पोखरणाऱ्या किड्यामुळे तसा नियम आहे. डासांचा जोर ऑगस्टमध्ये ओसरतो, पण गोचिडी असतात. २०-३० टक्के डीट (कीटक पळवणारं औषध), पायमोजे पँटवर, आणि रोज संध्याकाळी मुलांचे गुडघ्यामागचे भाग आणि केसांची कड तपासा. तळ्याचं पाणी ऑगस्टमध्येही अंग बधिर करण्याइतकं गार असतं, तेव्हा काठावर खेळतानाही मुलांच्या अंगात लाइफ जॅकेट हवं. काळी अस्वलं आहेत: कूलर, कचरा, तेलाची कढई, काहीही रात्री टेबलावर राहता कामा नये.