लेन्स आणि नळाचं पाणी

वर एकांनी लिहिलंय की कॉन्टॅक्ट लेन्सचं सोल्युशन (लेन्स धुवायचं आणि बुडवून ठेवायचं औषधी पाणी) संपलं तर फिल्टरच्या पाण्यात लेन्स धुतली तरी चालते. कृपया असं अजिबात करू नका. नळाच्या, फिल्टरच्या, विहिरीच्या, पोहण्याच्या तलावाच्या पाण्यात अकँथअमीबा नावाचा एकपेशीय जीव असू शकतो. तो लेन्सला चिकटतो आणि कॉर्नियावरच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावरच्या) बारीकशा ओरखड्यातून आत शिरतो. प्रतिकूल परिस्थितीत तो स्वतःभोवती जाड कवच करून बसतो, म्हणून क्लोरीनलाही सहजी दाद देत नाही. डोळा दिसायला थोडासाच लाल, पण ठणका असह्य, हे त्याचं खास लक्षण. सुरुवातीला पुष्कळदा हर्पीस विषाणूचा संसर्ग समजून उपचार होतात आणि मोलाचा वेळ जातो. मग थेंब महिनोन्‌महिने घालावे लागतात, काहींवर कॉर्निया बदलायची वेळ येते.

लेन्स घालून झोपणंही तितकंच वाईट. कॉर्नियाला रक्तवाहिन्या नसतात, तो ऑक्सिजन मुख्यतः हवेतून घेतो; झोपेत मिटलेली पापणी आणि लेन्स मिळून तोच अडवतात.

सोल्युशन डबीत रोज नवं ओता, कालच्यावर भर घालू नका. २००६ साली बुरशीच्या संसर्गामुळे बॉश अँड लॉम्ब या कंपनीचं एक सोल्युशन जगभरातून मागे घेतलं गेलं, तेव्हाही ही सवय धोका वाढवणारी ठरली होती.

आणि एक कळकळीची विनंती. डोळा लाल झाला, उजेड सहन होईना, तर मेडिकलमधून स्टेरॉइडचे थेंब आणू नका. लेन्स काढा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. जाताना लेन्स आणि डबी न धुता सोबत न्या, त्यातूनही जंतू तपासता येतात.