मदत हवी आहे: दोन ॲम्प एकत्र लावले की बास गायब, वर घूंऽऽ आवाज

नमस्कार मंडळी,

गेले तीन आठवडे एकाच गोष्टीमागे लागलोय आणि आता डोकं चालेनासं झालंय म्हणून इथे विचारतोय. जरा लांबण लागेल पण सगळं सांगितल्याशिवाय नेमकं कळणार नाही.

माझ्याकडे सिंगल कॉइल पिकअपवाली गिटार आहे (पिकअप म्हणजे तारांची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारं चुंबकी वेटोळं, एकच वेटोळं असलं की ते मेन्सची घूं सहज पकडतं), एक १५ वॅटचा ट्यूब ॲम्प आणि एक ४० वॅटचा ट्रान्झिस्टरवाला. ट्यूबवाल्याचा आवाज मधल्या पट्टीत भरलेला, जरा जोरात वाजवलं की गोड फाटतो. दुसरा एकदम स्वच्छ, काचेसारखा. दोन्ही एकत्र वाजले तर स्वच्छ आवाजाची धार आणि ट्यूबचा भरीवपणा एकदम मिळेल, शिवाय डिले डावीउजवीकडे फिरेल, एवढीच इच्छा.

जोडणी अशी, सगळी पायाने दाबायची पेडल: गिटार, मग ट्यूनर, मग फझ आणि ओव्हरड्राइव्ह (दोन्ही आवाज फाडणारी), आणि शेवटी स्टिरिओ डिले, म्हणजे आवाज थोड्या वेळाने परत परत ऐकवणारं पेडल. डिलेच्या डाव्या आउटपुटमधून ट्यूब ॲम्प, उजव्यातून दुसरा. डिले बंद असला तरी दोन्हीकडे साधा आवाज जातोच, ते तपासलंय.

आता त्रास दोन आहेत. पहिला घूं आवाज. एकेकटा ॲम्प लावला तर दोन्ही शांत, पण दोन्ही जोडले की लगेच खालच्या पट्टीत घूंऽऽ सुरू, आणि तो सिंगल कॉइलचा नेहमीचा नाही कारण गिटार घेऊन गोल फिरलो तरी कमीजास्त होत नाही, गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणला तरी तेवढाच राहतो, तारांना हात लावला तरी फरक नाही. पेडल ॲडॉप्टर काढून बॅटरीवर चालवून बघितली, तरी आहेच. एका ॲम्पच्या इनपुटमधून जॅक ओढला की त्याच क्षणी बंद.

दुसरा त्रास मला जास्त छळतोय. दोन ॲम्प म्हणजे आवाज मोठा व्हायला हवा ना? इथे उलटं. ट्यूब ॲम्पवर खालची मोकळी ई तार छेडली की छातीत लागते, मग दुसऱ्या ॲम्पचा व्हॉल्यूम हळूहळू चढवत गेलो की ती तार पोकळ होत जाते, जणू कुणी पोत्यातलं धान्य खालून काढून घेतंय आणि वर नुसता कडकडाट उरतो. डिलेचा आवाज मात्र छान पसरतो. दोन्ही ॲम्प भिंतीला लागून, एकमेकांपासून साधारण अर्ध्या मीटरवर आहेत.

एकाने सल्ला दिला की एका ॲम्पच्या प्लगची अर्थची पिन टेपने झाकून टाक, घूं जाईल. मी अजून केलेलं नाही, आधी विचारावं म्हटलं. आणि आधी मी साधी वाय केबल (एका टोकाचे दोन फाटे करणारी) वापरायचो, तेव्हा आवाज मंद, घोंगडी पांघरल्यासारखा यायचा, तो प्रकार वेगळाच का?

प्रतिसाद

पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं: अर्थची पिन अजिबात काढू नका, झाकूही नका. गिटारच्या तारा ब्रिजमधून केबलच्या शील्डला (आतल्या वायरीभोवतीच्या जाळीला) आणि तिथून ॲम्पच्या चॅसिसला जोडलेल्या असतात. ट्यूब ॲम्पच्या आत तीनचारशे व्होल्ट खेळत असतात, आत काही बिघडलं आणि अर्थ नसेल तर तो करंट तुमच्या हातातल्या तारांपर्यंत येऊ शकतो. घूं आवाजासाठी जिवाशी खेळ नको.

तुम्ही जे वर्णन केलंय तो ग्राउंड लूप आहे. दोन्ही ॲम्प मेन्सच्या अर्थने एकमेकांना जोडलेले, आणि परत डिलेच्या दोन केबलींच्या शील्डनेही जोडलेले, म्हणजे तारेचं मोठं कडं तयार झालं. त्या कड्यात आजूबाजूच्या मेन्समुळे करंट फिरतो आणि तो ५० किंवा ६० हर्ट्झ तुम्हाला ऐकू येतो. एक जॅक काढला की कडं तुटतं, म्हणून शांत. तुमच्या चाचण्या अगदी बरोबर होत्या, पिकअप आणि ॲडॉप्टर दोन्ही सुटले.

आधी फुकटचा उपाय करा. दोन्ही ॲम्प एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या आणि दोन्ही सिग्नल केबली शक्य तितक्या एकमेकींना लागून न्या, म्हणजे कड्याचं क्षेत्रफळ कमी होतं. बहुतेक घूं पूर्ण जाणार नाही पण खाली येईल. पक्का उपाय म्हणजे एका केबलीच्या मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. त्यात सिग्नल चुंबकीय जोडणीतून पलीकडे जातो आणि शील्ड तिथे तुटते. मेन्सचा अर्थ जिथल्या तिथे राहतो. डिलेचं आउटपुट कमी इम्पीडन्सचं, म्हणजे पुढचं ओझं सहज पेलणारं, असल्यामुळे तो ट्रान्सफॉर्मर नीट चालवेल.

वाय केबलचा प्रकार वेगळा होता हे बरोबर. तेव्हा पिकअपला थेट दोन ॲम्पचं ओझं पडत होतं. प्रत्येकी १ मेगाओहमचे दोन इनपुट समांतर म्हणजे अर्धा मेगाओहम, वर दोन केबलींची कपॅसिटन्स (वरचे सूर गिळणारा केबलीचा गुण), त्यामुळे पिकअपचं वरचं चमकणारं टोक कापलं जातं. आता मध्ये पेडल आहेत तर तो त्रास नाही.

प्रतिसाद

बासबद्दल मी सांगतो, माझ्याकडेही हेच झालं होतं. बहुतेक तुमच्या दोन ॲम्पची पोलॅरिटी, म्हणजे सिग्नलची सुलट-उलट दिशा, एकमेकांच्या विरुद्ध आहे. ट्यूबची साधी गेन स्टेज प्रत्येक वेळी सिग्नल उलटा करते, म्हणजे किती स्टेजमधून गेला त्यावर शेवटी स्पीकरचा कोन बाहेर ढकलला जाईल की आत ओढला जाईल ते ठरतं. एका ॲम्पमध्ये सम आणि दुसऱ्यात विषम झाल्या की झालं, एक कोन हवा ढकलतोय तेव्हा दुसरा ओढतोय. हे एकाच ॲम्पच्या दोन चॅनेलमध्येही होतं, साठच्या दशकातल्या फेंडरच्या काळ्या पॅनेलवाल्या ॲम्पमध्ये नॉर्मल आणि व्हायब्रॅटो चॅनेल एकमेकांच्या उलट असतात.

आता तुम्ही म्हणाल हे ॲम्पच्या अंतरामुळे तर नाही? नाही. मोकळ्या ई तारेची फ्रिक्वेन्सी साधारण ८२ हर्ट्झ, आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे लाट चार मीटरच्या वर लांब. अर्ध्या मीटरने तिचं काही बिघडत नाही. आणि अंतरामुळे कापाकापी होते तेव्हा थोडं सरकून उभं राहिलं की आवाज बदलतो, एक सूर मरतो तर दुसरा उठतो. तुमच्याकडे सगळाच तळ गेलाय, तोही व्हॉल्यूम जुळेल तसतसा, हे पोलॅरिटीचंच लक्षण. डिले पसरलेला का वाटतो तेही यातून कळतं, डावीउजवीकडचे रिपीट वेगळ्या वेळी येतात त्यामुळे ते एकमेकांना खात नाहीत.

तपासायला दोन्ही ॲम्प शेजारी शेजारी ठेवा, टोन कंट्रोल मध्यावर, डिले बंद, आणि एकाच्या स्पीकरच्या दोन वायरी अदलाबदल करा. मात्र ॲम्प बंद करून, प्लग काढूनच, आणि ट्यूब ॲम्प स्पीकर न जोडता चुकूनही चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. त्यापेक्षा सोपं म्हणजे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरचं असं खोकं घ्या ज्यात फेजचा, म्हणजे पोलॅरिटी उलटवणारा, स्विच असतो, दोन्ही कामं एकातच होतील.

एक आगाऊपणा करतो, तुमचा ट्यूनर बफरवाला (सिग्नलला जोर देऊन पुढे पाठवणारं सर्किट असलेला) असेल तर फझ त्याच्या आधी घ्या. जुन्या पद्धतीच्या दोन ट्रान्झिस्टरच्या फझला थेट पिकअप लागतो, मध्ये बफर आला की आवाज चिरका होतो आणि गिटारचा व्हॉल्यूम कमी करून जो स्वच्छ आवाज मिळतो तोही जातो.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार, अर्थच्या पिनबद्दल वेळेवर सांगितलंत. कालच एक्स्टेंशन बोर्ड एक केला आणि केबली टेपने एकत्र बांधल्या, घूं अर्ध्यावर आलं. आज एका मित्राकडून ट्रान्सफॉर्मरवालं खोकं आणलं, त्यात फेजचा स्विच आहे.

उजव्या केबलीत जोडलं, दोन्ही ॲम्प चालू केले, आणि घूं गेलं. एकदम. मी कान ग्रिलला लावून ऐकलं, नुसता ट्यूबचा हलका हिस्स उरलाय. मग ई तार छेडून धरली आणि दुसऱ्या हाताने तो स्विच पायाऐवजी बोटानेच खाली केला, तार अजून वाजतच होती, आणि तळ असा आला की जवळच ठेवलेल्या डबीतल्या गिटारच्या पिक (तारा छेडायच्या चकत्या) थरथरायला लागल्या. परत वर केला तर पोकळ, परत खाली, भरीव. दहाएक वेळा केलं असेल, मन भरत नव्हतं.

फझही पुढे घेतला. गिटारचा व्हॉल्यूम ७ वर आणला की आता खरंच निवळतो, आधी फक्त बारीक व्हायचा.

आता फक्त एक अडतंय. ट्यूब ॲम्प १५ वॅटचा असूनही दुसऱ्यापेक्षा मोठा वाटतो, म्हणून स्टिरिओ मधोमध न राहता डावीकडे झुकतं. जुळवायचं कानाने की काही पद्धत आहे?

प्रतिसाद

कानानेच. मात्र डिले बंद ठेवून करा, आणि वाजवणाऱ्याच्या जागेवरून नाही तर दोन्ही ॲम्पपासून सारख्या अंतरावर, समोर दोनतीन मीटर जाऊन. लांब केबल नसेल तर दुसऱ्या कुणाला वाजवायला सांगा. स्वच्छ ॲम्पचा व्हॉल्यूम इतकाच वाढवा की आवाज दोन्हीच्या मधून येतोय असं वाटेल. ट्यूब ॲम्प फाटायला लागला की दबतो, त्यामुळे जितक्या जोरात प्रत्यक्ष वाजवणार तितक्याच जोरात जुळवा, हळू आवाजात जुळवलेलं मोठ्या आवाजात टिकत नाही.

धागाकर्ता

हे मला सुचलंच नसतं, मी बसल्या जागेवरून डाव्या ॲम्पला चिकटून जुळवत होतो. उद्या भाऊ घरी आहे, त्याच्या हातात गिटार देतो आणि मी समोर जाऊन उभा राहतो.