मदत हवी आहे: हिशोबात पाव वॉट पुरतो, तरी रेझिस्टन्स जळतोय

विहिरीवरच्या सिंगल फेज मोटारीच्या पेटीत लाईट आली-गेली कळावी म्हणून लाल एलईडी बसवलाय. थेट २३० व्होल्टवर. सिरीजला १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा) आणि ४७ केचा, म्हणजे ४७,००० ओहमचा, पाव वॉटचा कार्बन फिल्म रेझिस्टन्स. एलईडी छान लागतो, पण तीन आठवड्यांत दुसरा रेझिस्टन्स गेला. त्याचे पिवळा-जांभळा-नारिंगी पट्टे आता सगळेच चॉकलेटी दिसतात, खालचा बोर्डही करपलाय.

माझं गणित: डायोडमुळे अर्धीच लाट, म्हणून सरासरी करंट २३० × ०.४५ ÷ ४७,००० = २.२ मिलीअँपिअर. त्याचा वर्ग गुणिले ४७,००० म्हणजे ०.२३ वॉट. पाव वॉटच्या आतच आहे की! दुकानदार म्हणतो माल डुप्लिकेट असेल. (घेतला त्याच्याकडूनच होता!)

प्रतिसाद

दादा, मालाला कशाला दोष देता, गणितच चुकलंय. उष्णता काढायला सरासरी करंटचा वर्ग चालत नाही, आरएमएस (करंटच्या वर्गाच्या सरासरीचं वर्गमूळ) धरावा लागतो. सोपं करायचं तर पूर्ण लाटेची पॉवर काढा आणि निम्मी करा: २३० चा वर्ग भागिले ४७,०००, त्याचे निम्मे ०.५६ वॉट. पाव वॉटच्या दुपटीहून जास्त झाले. रात्री लोड उतरल्यावर व्होल्टेज २६० ला चढत असेल तर ०.७२.

त्यात रेझिस्टन्सवरचा वॉटचा आकडा साधारण ७० अंशांपर्यंतच खरा, पुढे तो उतरत जातो. पत्र्याची पेटी उन्हात असेल तर तेही धरा. आणि व्होल्टेजची मर्यादा तर सगळेच विसरतात. पाव वॉटच्या कार्बन फिल्मला ती साधारण २५० असते, वर मोटार बंद होताना झटके येतात ते वेगळेच.

२२ केचे एक वॉटचे दोन मेटल ऑक्साइड रेझिस्टन्स सिरीजला टाका. प्रत्येकावर ०.३ वॉट, व्होल्टेजही वाटून जातं. बोर्डापासून थोडे उचलून सोल्डर करा. मेन स्विच पाडल्याशिवाय हात घालू नका.

धागाकर्ता

सरासरी आणि आरएमएस! डिप्लोमाला पाठ केलं होतं. घरात १२ केच्या पाव वॉटचं पाकीट पडलंय, चार सिरीजला चालतील?

प्रतिसाद

प्रत्येकावर ०.१४ येईल. घरातल्या बोर्डात चालून जाईल. उन्हातल्या पेटीत मी तरी टाकणार नाही.