अनुभव धागा: रस्त्यावर कॅमेरा लावताना परवानगी, विमा आणि शेजारपाजार

मळ्यातली_माई: आज सकाळी पणजीच्या फोंतेन्हासमध्ये पुन्हा प्रीवेडिंगवाले. गल्लीत मधोमध ट्रायपॉड, पोदेराला (पाववाल्याला) सायकल वळवून मागे जावं लागलं. एकदम आजी आठवली. निळ्या चौकटीची तिची खिडकी, कठड्यावर तुळस. शेवटच्या वर्षांत खिडकी उघडली की खालून हाक यायची, "आजी, दोन मिनिटं आत व्हा ना." स्वतःच्या घरात! फोटोवाले आणि राहणारे, दोघांनीही लिहा. परवानगी कुठून काढता, विमा असतो का, सगळंच.

लग्नसराई: माई, वाचून वाईट वाटलं. रस्ता अडणार असेल तर मी महापालिका आणि पोलीस, दोन्हीकडे पत्र देते. सिनेमा-मालिकेचं मोठं युनिट असेल तर ईएसजीकडून (एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवा) परवानगी. पण कागद खिशात असला म्हणून कुणाच्याही पायरीवर नवरीला बसवता येत नाही. आदल्या दिवशी जाऊन घरच्यांना विचारायचंच. बहुतेक लोक हो म्हणतात, वर चहा देतात.

डिचोलीकर: जुन्या गोव्यात ट्रायपॉड उघडला की रखवालदार हजर. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकात ट्रायपॉडला वेगळी परवानगी लागते. क्लायंटला आधीच सांगा, नाहीतर नवरी नटून उभी आणि भांडण आपल्याशी.

बार्देशी_भाऊ: बार्देशातलं पर्रा गाव विसरलात? २०१९ साली पंचायतीने माडांच्या त्या रस्त्यावर फोटोला १०० ते ५०० रुपये लावले, केवढा गदारोळ झाला. माझी मावशी तिथली. कचरा तीच झाडायची हो रोज.

मिरामार_लेन्स: विम्याचं सांगतो, कारण इथेच सगळे गाफील असतात. संध्याकाळी वारा फिरला, लाइटची छत्री भरली आणि स्टँड उभ्या गाडीच्या बॉनेटवर. वाळूच्या पिशव्या होत्या पायाला, तरी. आमच्या कॅमेऱ्याची ऑल रिस्क पॉलिसी होती. तिच्यात आपलं सामान भरून मिळतं, दुसऱ्याची गाडी नाही! त्यासाठी पब्लिक लायबिलिटी वेगळी घ्यावी लागते. सुदैवाने आमच्या सेठांनी ती घेतली होती, म्हणून निभावलं. आणि घरच्या पॉलिसीवर विसंबू नका, धंद्याचं सामान त्यात सहसा धरत नाहीत.

डिचोलीकर: @मिरामार_लेन्स त्या गाडीवाल्याला मी ओळखतो बहुतेक 😄 अजून सांगत असतो.

उंचावरून: ड्रोनवाल्यांनो, २५० ग्रॅमच्या वर वजन असेल तर २०२१ च्या नियमांप्रमाणे थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावर नकाशा बघा. इकडे दाबोळी, तिकडे मोपा, दोन विमानतळ झालेत आता. दाबोळीला तर नौदल.

सुशेगाद_७०: किनाऱ्यावर पोहणाऱ्या, उन्हात पडलेल्या लोकांचे फोटो न विचारता काढू नका. पर्यटन खात्याने जानेवारी २०२३ मध्ये तशी सूचनाच काढली होती. माझी नात पाण्यात खेळत होती आणि एक अनोळखी माणूस लेन्स लावून उभा. जाऊन विचारलं तर म्हणे पब्लिक प्लेस आहे. मूल पब्लिक आहे का?

लग्नसराई: काका 🙏 अगदी बरोबर केलंत.

बार्देशी_भाऊ: माई, पोदेर अजून येतो तुमच्याकडे? आमच्याकडे पोई पावासाठी म्हापशाला जावं लागतं.

मळ्यातली_माई: येतो हो, सकाळ-संध्याकाळ. भाऊ, मावशींना विचारा ना, पर्र्यात आता कचऱ्याचं कसं आहे. @लग्नसराई गल्लीत शूट असेल तर आधी मला कळव, शेजारच्यांना मी सांगून ठेवते.