अनुभव धागा: थंडीत बाहेर बसायची जागा

धागाकर्ता
दिवाळी सरली की गच्चीवर, अंगणात, शेतघरापुढे बसायचे दिवस येतात आणि शिवरात्रीला ‘शिव शिव’ म्हणत थंडी निघून जाते. हाताशी जेमतेम चार महिने. तेवढ्यासाठी खर्च करायचा तर जागा चुकायला नको. कौतुकाचे फोटो राहू द्या, मापं लिहा. काय कुठे बसवायचं, काय फसतं आणि का फसतं?

गच्चीकर (पुणे)
सगळ्यात आधी ऊन. बहुतेक जागा उन्हाळ्यात, सावली बघून ठरतात आणि डिसेंबरात नेमक्या तिथे काकडायला होतं. पुण्यात 22 डिसेंबरच्या आसपास भर दुपारीसुद्धा सूर्य 48 अंशांच्या वर जात नाही. सकाळी नऊला तो आग्नेयेला जेमतेम 23-24 अंशांवर असतो. त्यामुळे 6 फुटी भिंतीची सावली नऊला सुमारे 14 फूट पडते, दहाला 9 फूट आणि साडेबाराला साडेपाच. शेजारची इमारत आग्नेयेला असेल तर सकाळचं ऊन विसराच. मग संध्याकाळची जागा करा, नैर्ऋत्येला तोंड करून.

खर्च करण्याआधी डिसेंबरातल्या एका सकाळी आठ, नऊ आणि दहा वाजता खडूने सावलीच्या कडा आखा. नऊच्या रेघेच्या उजेडाकडच्या बाजूला बैठक. पाठीशी उत्तरेची भिंत असली तर सोन्याहून पिवळं, कारण दिवसभर तापलेली काळ्या दगडाची किंवा विटांची भिंत अंधार पडल्यावरही तासभर पाठ शेकते. तीच भिंत पांढरी रंगवली तर ऊन डोळ्यांवर येतं.

कट्टा 17 इंच उंच, 18 इंच खोल. नुसता सिमेंटचा किंवा शहाबादीचा कट्टा सकाळी सातला बर्फासारखा लागतो. वर सागवानी पट्ट्या टाका, मध्ये 10 मिमी फट सोडा आणि स्क्रू स्टेनलेस घ्या. साध्या स्क्रूंचा गंज दवाने दुसऱ्याच वर्षी लाकडात उतरतो.

काळी माती (नागपूरजवळ)
ऊन मिळालं तरी वारा अडवल्याशिवाय उपयोग नाही. आमच्याकडे तो उत्तर-ईशान्येकडून येतो. इथे हमखास होणारी चूक म्हणजे पत्रा किंवा अखंड भिंत. अखंड आडोशावरून वारा उडी मारतो आणि पलीकडे भोवरा घेत खाली येतो. शेकोटीचा धूर उलटा तोंडावर येतो तो त्यामुळेच. आडोसा अर्धा भोकांचा हवा. तुराट्यांचा (तुरीच्या वाळल्या काड्यांचा) न लिंपलेला कूड याला सर्वात चांगला, शहरात 50 टक्क्यांची शेडनेट. 6 फुटी कुडामागे पंचवीसेक फुटांपर्यंत वारा मंद राहतो. कूड जमिनीपासून 3 इंच वर बांधा, खांबांच्या बुडाला डांबर लावा, नाहीतर पावसाळ्याआधीच वाळवी. गच्चीकर, तुमची उत्तरेची भिंत घराचीच असेल तर ठीक. नुसती कंपाउंडची असेल तर वर दीड-दोन फूट जाळी चढवा.

बैठकीसाठी जमीन खणून खोलगट जागा करायची टूम निघाली आहे. फोटोत छान दिसते. पण गार हवा जड, ती रात्री नेमकी त्या खड्ड्यात साचते. उलट वीतभर ओटा करा.

आणि डोक्यावर काहीतरी हवंच. उघड्या आकाशाखाली खुर्ची रात्री हवेपेक्षाही गार होते, म्हणून दव तिच्यावर धरतं. 8 फुटांवर साधं मांजरपाट ताणलं तरी खालची गादी कोरडी राहते. सकाळी गुंडाळून ठेवायचं.

निखारा
शेकोटीबद्दल. मातीत असेल तर हुरड्याच्या आगटीसारखी: फूटभर खोल, दोन फूट रुंद, बैठकीच्या वाऱ्याखालच्या बाजूला, म्हणजे बहुतेक ठिकाणी नैर्ऋत्येला, 5-6 फुटांवर. गोवऱ्या पेटवून ज्वाळ पूर्ण बसू द्यायची. कणसं निखाऱ्यावरच्या गरम राखेत खुपसायची. ज्वाळेत धरली की वरून करपतात आणि आत दाणा कच्चा राहतो. हाताला सोसवेल इतपत गरम असतानाच चोळायची, गार झाली की दाणा बोंडाला चिकटून बसतो.

कडेला नदीतले गोटे लावू नका. आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात, चिपा डोळ्यांत जातात. विटा लावा.

गच्चीवर थेट शेकोटी कधीही नाही. कोब्याला तडे जातात आणि ते जूनमध्ये खालच्या घराच्या छतावर दिसतात. 18 इंची लोखंडी घमेलं, आत 3 इंच कोरडी वाळू, खाली विटांचे दोन थर, एक आडवा, एक उभा, मध्ये हवा खेळेल अशा फटी सोडून. लाकूड वर्षभर वाळलेलं बाभळीचं. प्लायवूड, रंग दिलेलं फर्निचर, जुन्या पेट्या यांतलं काही जाळू नका, त्यांचा धूर विषारी असतो. कापडाचा मांडव असेल तर शेकोटी त्याच्या बाहेर, आणि चारी बाजू बंद केलेल्या मांडवात कोळशाची शेगडीसुद्धा नको. कोळशातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. राख सकाळपर्यंत आत धगधगत असते, ती प्लॅस्टिकच्या बादलीत ओतू नका.

काळी माती
राखेचं अजून एक: गुलाबाला ‘खत’ म्हणून ओंजळीने घालू नका. काळी माती आधीच विम्लधर्मी (अल्कलाइन), त्यात राख पडली की झाडाला लोह मिळत नाही आणि कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

वेलवाला (नाशिक)
दक्षिणेला पानगळीचं झाड लावा म्हणजे उन्हाळ्यात सावली, थंडीत ऊन, असं पुस्तकं सांगतात. पण ती पुस्तकं थंड देशांची. त्यात पहिलं नाव द्राक्षाचं असतं आणि आपल्याकडे द्राक्षाची छाटणी ऑक्टोबरात होते. ऐन थंडीत मांडव हिरवागार! कडुनिंब आणि पिंपळही कामाचे नाहीत, ते फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं टाकतात. बहावा त्याहून उशिरा. जमतो तो चाफा. मात्र टोकदार पानांचाच घ्या, डिसेंबर-जानेवारीत तो बोडका होतो. गोल टोकाच्या पानांचा पांढरा चाफा थंडीतही बरीच पानं धरून ठेवतो. नर्सरीत दोन्ही ‘चाफा’च, म्हणून पान बघून घ्या. मोठ्या जागेत पांगारा चालतो.

संक्रांतवेल दक्षिणेला नको, उत्तरेच्या जाळीवर चढवा. ऐन थंडीत केशरी फुलांनी लगडते आणि वाराही अडवते. वजन भारी होतं, तेव्हा जाळीला दीड इंची पाइप हवेत. छाटणी फुलं सरल्यावर लगेच करा. पावसाळ्यानंतर कात्री लावली की त्या वर्षीची फुलं गेली.

वासासाठी मोगरा, रातराणीच्या भरवशावर राहू नका. थंडीचं फूल कुंद.

वाफा-कुंडी
हंगामी फुलांचं गणित एका वाक्यात: दिवाळीनंतर बी पेरणाऱ्याला फुलं ऊन तापायला लागल्यावर मिळतात. पेटुनियाला बियांपासून फुलापर्यंत दहा-बारा आठवडे लागतात, म्हणून सप्टेंबरअखेर पेरा. बी धुळीसारखं बारीक असतं, त्याला उजेड लागतो. वरून माती टाकली की उगवत नाही. बियांत कोरडी बारीक वाळू मिसळून भुरभुरवा आणि पाणी ट्रेच्या खालून द्या. वरून झारीने दिलं तर बी वाहून एका कोपऱ्यात जमतं. चार ते सहा पानांवर कुंडीत. मिश्रण: चार भाग माती, तीन भाग कोकोपीट, तीन भाग गांडूळखत.

पाणी सकाळीच. संध्याकाळी दिलं की रात्रभर पानं गार-ओली राहतात आणि रोग धरतात. जानेवारीत मावा येतो. लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण, पानाच्या खालच्या बाजूने फवारा, ऊन उतरल्यावर.

शेवंती रस्त्याच्या दिव्याखाली ठेवलीत तर ‘कळ्याच येत नाहीत’ म्हणाल. तिला लांब, अखंड अंधारी रात्र लागते. बैठकीवरचे दिवेही तिच्यावर पडू देऊ नका. शेंडे खुडायचे ते ऑगस्टअखेरपर्यंतच.

सावली दुप्पट (न्यू जर्सी)
इथे डिसेंबरात दुपारचा सूर्य 26 अंशांवर. गच्चीकरांची 6 फुटी भिंत इथे भर दुपारी 12 फूट सावली टाकते. त्यामुळे घराच्या उत्तरेचं पॅटिओ थंडीत बादच समजा.

प्रोपेनचा उभा हीटर ताशी 40,000 बीटीयूचा (बीटीयू म्हणजे उष्णतेचं माप) असेल तर 20 पाउंडांची टाकी साधारण दहा तास पुरते. विजेचा 1,500 वॉटचा इन्फ्रारेड घेतला तर तो इथल्या 120 व्होल्टवर साडेबारा अँपिअर ओढतो. 15 अँपिअरच्या सर्किटवर तो एकटाच हवा, सोबत चहाची किटली लावली की ब्रेकर पडलाच म्हणून समजा. हवा तापवणाऱ्यापेक्षा इन्फ्रारेड बरा, वाऱ्यात गरम हवा उडून जाते.

मातीच्या कुंड्या रिकाम्या करून आत घ्या, ओली माती गोठून फुगते आणि कुंडी तडकते. तुळस आणि कढीपत्ता रात्रीचं तापमान 50 फॅरनहाइटखाली जायच्या आत घरात. बाहेरच्या नळाचा आतला व्हॉल्व्ह बंद करून बाहेरचा उघडा ठेवा. काँक्रीटच्या पेव्हरवर बर्फासाठी मीठ टाकू नका, पापुद्रे सुटतात. घसरू नये म्हणून वाळू पुरते.

गच्चीकर
जाळीची सूचना मान्य. फक्त गच्चीवर शेडनेटचे खांब कोब्यात भोक पाडून बसवू नका. जुन्या डब्यांत काँक्रीट भरून त्यात पाइप उभे करा आणि डबे कठड्याला बांधा. जाळी वरच्या बाजूला झटकन सुटेल अशा गाठीने बांधा, अवकाळी वादळात पाइपसकट उडण्यापेक्षा नुसती जाळी गेलेली बरी.