बसतो, चालतो की पेलतो? मदरबोर्ड निवडताना ‘कम्पॅटिबल’ला मराठीत काय म्हणायचं

प्रश्न

भाच्याला सुटे भाग घेऊन गेमिंगसाठी संगणक जोडायचाय. मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्यावर जोडतात तो बोर्ड, पाहायला त्याच्याबरोबर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला गेले होते. एका दुकानात ऐकलं, ‘हा प्रोसेसर या बोर्डावर बसतो.’ शेजारच्या दुकानात, ‘बसेल, पण चालणार नाही.’ आणखी एकजण म्हणाले, ‘चालेल हो, पण बोर्डाला पेलणार नाही.’ कंपन्यांच्या माहितीत या सगळ्याला एकच शब्द असतो, कम्पॅटिबल. त्याला ‘सुसंगत’ म्हणतात हे माहीत आहे. मग ही तीन क्रियापदं कशाला? नुसती बोलण्याची लकब, की अर्थ खरोखर वेगळे आहेत?

प्रतिसाद

ताई, अर्थ खरोखर वेगळे आहेत, आणि बोर्ड घेताना तिन्ही प्रश्न वेगवेगळे विचारायलाच हवेत. ‘सुसंगत’ लेखात शोभतो, पण काउंटरवर अपुरा पडतो. सगळं जुळतंय एवढंच त्यातून कळतं, कुठे आणि किती ते कळत नाही.

‘बसणं’ हा सॉकेटचा, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसवायच्या जागेचा, प्रश्न. इंटेलच्या बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर एलजीए १७०० या सॉकेटवर बसतात. २०२४ मध्ये आलेल्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेला एलजीए १८५१ लागतो. नावातला आकडा म्हणजे पिनांची संख्या. एएमडीच्या एएम५ सॉकेटला १७१८ पिना आहेत, फक्त तो आकडा नावात घातलेला नाही. रॅमचंही तसंच. डीडीआर४ आणि डीडीआर५ च्या पट्ट्यांना २८८ च पिना असतात, लांबीही सारखीच दिसते, पण खालची खाच वेगळ्या जागी असल्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही. एएम५ चे बोर्ड फक्त डीडीआर५ घेतात. एलजीए १७०० चे बोर्ड मात्र दोन्ही प्रकारांत निघाले, म्हणून नुसतं ‘बी७६०’ हे चिपसेटचं (बाकीचे भाग प्रोसेसरशी जोडणाऱ्या बोर्डावरच्या चिपचं) नाव वाचून पैसे देऊ नका. कोणती रॅम, ते खोक्यावर पाहून घ्या.

‘चालणं’ त्यापुढचं. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण २०१७ चं. इंटेलचे सहाव्या-सातव्या पिढीचे प्रोसेसर एलजीए ११५१ वर बसत. आठवी पिढी आली तीही एलजीए ११५१ चीच. पण १०० आणि २०० मालिकेच्या जुन्या बोर्डांवर ती चालत नव्हती. तिला ३०० मालिकेचा चिपसेट लागेल असं इंटेलनेच ठरवलं होतं. प्रोसेसर बसतो आणि तरीही संगणक सुरू होत नाही, तो असा.

दुसरं कारण बायोस, म्हणजे संगणक सुरू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर. एएमडीच्या बी६५० चिपसेटचे बोर्ड २०२२ मध्ये आले, त्यांच्याच रायझन ९००० प्रोसेसरांची मालिका २०२४ मध्ये. सॉकेट तोच, चिपसेटलाही हा प्रोसेसर चालतो. पण दुकानात पडून राहिलेल्या बोर्डात जुना बायोस असेल तर त्याला नवा प्रोसेसर ओळखता येत नाही. अशा वेळी बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलेला बोर्ड कामी येतो. नवा बायोस पेनड्राइव्हवर घ्यायचा आणि ते बटण दाबून बोर्डात भरायचा, प्रोसेसर बसवलेला नसला तरी चालतं. पहिल्यांदाच संगणक जोडणाऱ्याने या बटणासाठी थोडे जास्त पैसे द्यावेत असं माझं ठाम मत आहे.

एसएसडीच्या (माहिती साठवायच्या वेगवान डिस्कच्या) बाबतीत लोक ‘चालत नाही’ऐवजी ‘दिसत नाही’ म्हणतात, तेही नेमकं आहे. बोर्डावरच्या एम.२ नावाच्या छोट्या खाचेत साटा या जुन्या जोडणीची एसएसडी नीट बसते, स्क्रूही लागतो; पण ती खाच फक्त एनव्हीएमई या नव्या, वेगवान प्रकारासाठी असेल तर संगणकाला ती दिसतच नाही.

प्रतिसाद

‘पेलणं’ राहिलं, त्यावर मी लिहितो, कारण गेमिंगच्या बोर्डात पैसा खरा तिथे मुरतो.

पॉवर सप्लायकडून बोर्डाला १२ व्होल्ट मिळतात आणि प्रोसेसरला लागतात साधारण सव्वा व्होल्टच्या आसपास. हे उतरवण्याचं काम सॉकेटच्या कडेचं व्हीआरएम करतं. इंटेलच्या कोअर आय९ १४९००के या प्रोसेसरची कमाल टर्बो पॉवर, म्हणजे पूर्ण जोरात चालताना लागणारी वीज, २५३ वॉट आहे. सव्वा व्होल्टला २५३ वॉट म्हणजे सुमारे २०० अँपिअर! एच६१० च्या स्वस्त बोर्डावर हा प्रोसेसर बसतो, बायोस नवा असेल तर चालतोही. पण सतत जोर पडला की व्हीआरएम तापतं आणि प्रोसेसरला वेग उतरवावा लागतो. संगणक बंद पडत नाही, म्हणून खरेदी करणाऱ्याला काही बिघडलंय हे कळतही नाही. ‘पेलत नाही’ हे क्रियापद इथे जितकं अचूक बसतं तितकं दुसरं कुठलंच बसणार नाही.

व्हीआरएमसोबत ‘फेज’ येतो, आणि आपल्याकडे त्याने गोंधळ होतो, कारण शेतातल्या पंपाचा थ्री फेज आपल्या कानात बसलेला. बोर्डावरचा फेज त्याहून वेगळा. पालखीचे भोई जसे आळीपाळीने खांदा देतात तसे हे फेज आळीपाळीने करंट पुरवतात; जितके जास्त, तितका एकेकावरचा भार कमी. पण खोक्यावरचा ‘१६ फेज’ जपून वाचावा. आत आठच स्वतंत्र फेज असून प्रत्येकात भागांची जोडी लावलेली असू शकते. त्यात वाईट काही नाही, भार वाटला जातोच. मात्र फेजची संख्या म्हणजेच ताकद, असं समजू नये. प्रत्येक भाग किती अँपिअरचा आहे आणि वर धातूचा जाड हीटसिंक आहे का, हे जास्त महत्त्वाचं.

भाच्याला गेमच खेळायचे असतील तर इतक्या ताकदीची गरजही नाही. एएमडीच्या रायझन ७ ७८००एक्स३डी या प्रोसेसरचा टीडीपी (थंड ठेवण्याची सोय ज्या हिशेबाने करायची तो आकडा) १२० वॉट, आणि गेम खेळताना तो सहसा त्याहून बराच कमी घेतो. बी६५० चा मधल्या किमतीचा चांगला बोर्ड त्याला आरामात पेलतो. उरलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घालावेत, गेममध्ये फरक तिथे दिसतो.

पुन्हा प्रश्नकर्ती

दोघांचेही आभार. ‘चिपसेट’मधला ‘सेट’ मला अजून खटकतोय. बोर्डाच्या फोटोत मला एकच चिप दिसते.

प्रतिसाद

पूर्वी तो खरंच संच होता. नॉर्थब्रिज रॅम आणि ग्राफिक्सकडे पाही, साउथब्रिज डिस्क, यूएसबी वगैरेकडे. पुढे रॅमचा कंट्रोलर प्रोसेसरमध्येच गेला. एएमडीने हे २००३ च्या अ‍ॅथलॉन ६४ मध्ये केलं, इंटेलने २००८ मध्ये. हळूहळू नॉर्थब्रिजचं बाकीचं कामही प्रोसेसरने घेतलं, मागे एक चिप राहिली आणि नाव तेच चिकटलं. गंमत म्हणजे एएमडीच्या एक्स६७० चिपसेटमध्ये पुन्हा दोन चिपा आल्या, बी६५० मध्ये वापरतात तीच चिप दोनदा. त्याने यूएसबी आणि साटाच्या जोडण्या वाढतात, गेमचा वेग नाही.

‘बसतं’बद्दल एक पुरवणी. बोर्डावर ग्राफिक्स कार्डासाठी लांब खाचा दोन-तीन असतात आणि कार्ड सगळ्यांत बसतं, चालतंही. पण खालची खाच लांबीला सोळा लेनची (लेन म्हणजे माहिती ये-जा करायची वाट) असली तरी तिला लेन अनेकदा चारच दिलेल्या असतात. म्हणून कार्ड वरच्या खाचेतच लावायचं.

पुन्हा प्रश्नकर्ती

आणि ‘पुढे टिकेल’ म्हणतात, त्याचं काय?

प्रतिसाद

दुकानदाराला विचारा, काय टिकेल? बोर्ड टिकणं वेगळं आणि त्याच बोर्डावर पुढचा प्रोसेसर घालता येणं वेगळं. या दुसऱ्याला ‘वाढवता येणं’ म्हणावं, म्हणजे घोळ राहणार नाही. एएम४ सॉकेट २०१६ मध्ये आला आणि २०२४ मध्येही त्यासाठी नवे प्रोसेसर निघाले. एएम५ ला २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही साथ देऊ असं एएमडीने जाहीर केलंय. इंटेलचा एलजीए १७०० हा २०२१ चा, आणि २०२४ मध्ये त्याच्या जागी नवा सॉकेट आला. तीन-चार वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलायचा बेत असेल तर मी एएम५ घेईन. तेव्हा संपूर्ण संगणकच नवा घ्यायचा असेल, तर हा मुद्दा सोडून द्या आणि आज ज्या जोडीची किंमत चांगली मिळतेय ती घ्या.