मदत हवी आहे: २०१० च्या सिविकच्या सनरूफचं रबर बदलायचंय

करवीरवाट :

मंडळी, नमस्कार.

गाडी होंडा सिविक, १.८ व्ही ऑटोमॅटिक, सनरूफवाली, २०१० ची. मुक्काम कोल्हापूर, पण कामामुळे गगनबावड्याच्या बाजूला सारखं जाणं असतं, म्हणजे पाऊस भरपूर.

सनरूफच्या काचेभोवतीचं काळं रबर आता संपलंय. पुढच्या कडेला ते दबून सपाट झालंय आणि इतकं कडक, की नख रोवलं तरी खूण उमटत नाही. पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत बारीक भेगा आहेत. मागे पट्टीचा जोड आहे तिथे रबर आटून फट पडलीय, आगकाडी आरामात बसेल एवढी. इतक्या वर्षांच्या उन्हापावसानंतर रबराचं हे व्हायचंच, त्याबद्दल तक्रार नाही.

त्रास दोन आहेत. पहिला म्हणजे ऐंशीच्या वर गेलं की डोक्यावर शिटी वाजायला लागते. काचेच्या पुढच्या कडेवर मास्किंग टेप चिकटवून पुणे-बंगळूर महामार्गावर गाडी चालवून पाहिली, शिटी पूर्ण बंद. म्हणजे आवाज तिथूनच येतोय. दुसरा त्रास पाण्याचा. मोठ्या पावसात डाव्या पुढच्या सीटसमोरचं कार्पेट ओलं होतं, त्या बाजूच्या ए-पिलरच्या, म्हणजे पुढच्या काचेलगतच्या खांबाच्या, वर छताच्या कापडावर तपकिरी डाग पडलाय, आणि काचा बंद असल्या की कुबट वास येतो.

एका वर्कशॉपमध्ये अख्खी सनरूफ असेंब्ली बदला म्हणाले. आकडा ऐकून परत आलो, तेवढ्या पैशात गाडीचे चारही टायर आणि सस्पेन्शनचं काम होईल. दुसरीकडे मिस्त्री म्हणाले, सिलिकॉन मारून कायमचं बंद करून टाकू, बरेच जण तेच करतात. मला ते करायचं नाही. इंजिन उत्तम आहे, सनरूफची मोटर कधी अडखळत नाही, आणि दसऱ्यानंतर घाटातून जाताना छत उघडलं की पुढच्या सीटवर बसलेल्या आईचा चेहरा असा खुलतो, की ती काच मी हातानं बंद करून टाकणार नाही.

तर विचारायचं ते असं. रबर वेगळं मिळतं का, की काचेसकटच घ्यावं लागतं? हे मॉडेल २०१३ मध्ये बंद झालं, त्यामुळे काळजी वाटते. रबराच्या दुकानात मीटरवर मिळणारी बीडिंग, म्हणजे रबराची पट्टी, चालेल का? बसवायला छताचं कापड उतरवावं लागतं का? आणि पाणी त्याच रबरामुळे येतंय असं धरून चालू का?

मिरजमळा :

रबर जरूर बदला, पण पाणी थांबेल म्हणून बदलू नका. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बहुतेकांचे पैसे तिथेच वाया जातात.

सनरूफचं रबर थेंब न् थेंब अडवण्यासाठी नसतंच. थोडं पाणी त्याच्या कडेनं आत येणार, हे धरूनच सगळी रचना केलेली असते. काचेखाली चारही बाजूंनी पन्हळ असते आणि तिच्या चार कोपऱ्यांना चार नळ्या. पुढच्या दोन ए-पिलरमधून खाली उतरतात, मागच्या दोन सी-पिलरमधून, म्हणजे मागच्या काचेलगतच्या खांबांतून. आत आलेलं पाणी पन्हळीत जमतं आणि नळीवाटे गाडीबाहेर पडतं. नळी तुंबली की पन्हळ भरते, काठावरून सांडते, आणि ते पाणी छताच्या कापडावर येतं. तुमचा डाग ए-पिलरच्या डोक्याशी आहे आणि कार्पेट त्याच बाजूचं ओलं होतंय. माझा संशय डाव्या पुढच्या नळीवर आहे. ती तशीच तुंबलेली राहिली तर नव्या रबरानं पाणी कमी होईल, थांबणार नाही.

काच पूर्ण उघडा. पन्हळीच्या कोपऱ्यांत भोकं असतात. मागची दिसायला अवघड असतात, टॉर्च घ्या. छोट्या बाटलीनं बेताबेतानं पाणी सोडा आणि कुणाला तरी खाली बघत बसवा. पुढच्या नळीचं पाणी साधारण पुढच्या चाकामागे पडतं, मागच्या नळीचं मागच्या चाकाच्या किंवा बंपरच्या आसपास. चारही कोपरे तपासा, एक तुंबलेला सापडला म्हणून थांबू नका.

साफ करायला गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी घ्या, टोक लायटरनं वितळवून गोल करा. सायकलच्या ब्रेकची केबल बरेच जण सुचवतात, ती घालू नका. तिच्या टोकाच्या सुट्या तारा नळीला आतून भोक पाडू शकतात. कॉम्प्रेसरची हवाही नको. जोरानं मारली तर नळी तोटीवरून निसटते, आणि ती परत बसवायला मात्र छताचं कापड खरोखरच उतरवावं लागतं.

हे रबराची वाट न बघता आत्ताच करा. डॅशबोर्डखाली वायरिंग आणि फ्यूज असतात, तिथे पाणी पोचलं तर भानगड रबरापेक्षा फार मोठी होईल.

रानजाई :

करवीरवाट, माझ्याकडे हीच गाडी आहे, सनरूफचं रबर मागच्या हिवाळ्यात भावाच्या मदतीनं घरीच बदललं. मला ते वेगळं मिळालं, काच घ्यावी लागली नाही. काउंटरवर नुसतं ‘सनरूफचं रबर द्या’ म्हणू नका. चॅसी नंबर द्या आणि स्क्रीनवरच्या चित्रात नेमकं बोट ठेवून दाखवा, काचेच्या कडेवर बसतं ते. ऑर्डर देऊन थांबावं लागतं. २०१९ ची सिविक पूर्ण वेगळी गाडी आहे, ‘सिविकचंच आहे’ म्हणून कुणी तिचं रबर दिलं तर घेऊ नका. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचे पार्ट भरपूर मिळतात, पण रबर तिथून आणण्यात अर्थ नाही, तेही आपल्याइतकंच उन्हात तापलेलं.

छताचं कापड उतरवावं लागत नाही, मोटरलाही हात लावायचा नाही. काच पूर्ण बंद करून आतला सरकता पडदा मागे सारा. दोन्ही बाजूंना प्लास्टिकची झाकणं दिसतील, ती अलगद काढली की काचेचे स्क्रू समोर येतात. माझ्या गाडीत टी-२५ स्टार बिट लागला. स्क्रू सैल करायच्या आधी ब्रॅकेटची जागा मार्करनं आखून घ्या. खाली पत्र्याच्या पातळ चकत्या असतील तर कुठली कुठे होती त्याचा फोटो काढा. काच बाहेरून, वरच्या दिशेनं उचलायची, दोघांनी मिळून, आणि जाड चादरीवर ठेवायची.

जुनं रबर ओढलं की निघतं. मग खाच साफ करायची, आणि इथे भरपूर वेळ द्या. जुन्या रबराची पूड आणि माती खाचेत राहिली तर नवं रबर तेवढ्या जागी उचललेलं राहतं आणि शिटी परत सुरू होते. मी दात घासायच्या जुन्या ब्रशनं सगळं कोरून काढलं आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसलं. पेट्रोल, थिनर यांना लांब ठेवा.

नवं रबर पाकिटातून घडी पडलेलं येतं. थोडा वेळ उन्हात ठेवा, मऊ होतं. बसवताना ते जराही ताणायचं नाही, बाकी काही विसरलात तरी हे विसरू नका. ताणून बसवलेलं रबर त्या दिवशी चोख दिसतं, पुढे आखडतं आणि जोडाशी फट पडते. आधी चारही कोपरे बसवा, मग मधल्या कडा अंगठ्यानं दाबत जा. जोड असेल तर तो मागच्या कडेला येऊ द्या, वाऱ्याच्या तोंडावर नको. साबणाच्या पाण्याचा हात लावला की सरकतं छान.

काच परत बसवताना उंची बघा. पुढची कड छताच्या बरोबरीनं किंवा अगदी किंचित खाली, मागची बरोबरीनं किंवा किंचित वर. पुढची कड वर राहिली तर वारा थेट तिच्यावर आदळतो. मग कागदाची पट्टी रबरात धरून काच बंद करा आणि पट्टी ओढून बघा. सगळीकडे सारखीच घट्ट लागली पाहिजे. जिथे सहज निघून येते तिथे अजून काम आहे. त्यानंतर एक दिवस काच उघडू नका.

करवीरवाट :

मिरजमळा, अगदी तुम्ही म्हणालात तसंच. तीन कोपऱ्यांचं पाणी सरळ खाली गेलं, डाव्या पुढच्या कोपऱ्यात ते तसंच उभं राहिलं. दोरी घातल्यावर खालून काळा गाळ आला, त्यात गुलमोहराची ती राईएवढी पानं, बरीचशी अजून ओळखू येण्यासारखी. गाडी गुलमोहराखालीच उभी असते. आता धारेनं पाणी जातंय. मनापासून आभार.

रानजाईताई, चॅसी नंबर देऊन ऑर्डर नोंदवली, यायला वेळ लागणार आहे. तोपर्यंत उद्यमनगरातून बीडिंग आणून बसवू का?

घाटपायथा :

नको. दाराला चालणारी बीडिंग सनरूफला चालत नाही. दार आपण हातानं दाबून लावतो. इथे काच मोटर ओढते आणि ठरलेल्या जागी थांबते. बीडिंग थोडी जाड निघाली तर काच पूर्ण बसत नाही आणि मोटरवर ताण येतो. पातळ निघाली तर आहे त्यापेक्षा फट वाढते. नळ्या मोकळ्या झाल्यात ना, मग जुनंच रबर राहू द्या. लांबच्या प्रवासापुरती पुढच्या कडेवर टेप लावा आणि उतरल्यावर काढून टाका. उन्हात दिवसचे दिवस राहिली तर तिचा गोंद रंगावर चिकटून बसतो.

सिलिकॉनला नकार दिलात ते फार बरं केलंत. आंबट, व्हिनेगरसारखा वास येणारं जे सिलिकॉन सर्रास वापरतात, ते वाळताना ॲसेटिक ॲसिड सोडतं. छताचा रंग कुठे खरवडलेला असेल तर तिथे पत्र्याला गंज धरतो. शिवाय पुढे कधी काच काढायची वेळ आली तर ते पात्यानं कापत बसावं लागतं, तेव्हा रंग आणखी जातो.

रानजाई :

नवं रबर आलं की त्याला सिलिकॉन ग्रीस लावत जा, फडक्यावर घेऊन अगदी पातळ हात. पावसाळ्याच्या तोंडावर एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा. डब्ल्यूडी-४० किंवा गॅरेजमधलं साधं ग्रीस नको. असली रबरं बहुतेक ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराची असतात, खनिज तेलानं ती फुगतात.

आणि कार्पेट वरून कोरडं लागलं म्हणून सोडून देऊ नका. ते उचलून खालचा नमदा दाबून बघा. वास त्यातच मुरलेला असतो. पंखा लावून तो पूर्ण वाळवा.

करवीरवाट :

उचलून बघितलं, नमदा पिळता येईल इतका ओला आहे. सीट काढून आजच वाळवायला घेतो. छताच्या कापडावरच्या डागाचं काय करू? शाम्पू लावून ब्रशनं घासू का?

मिरजमळा :

ब्रश नको, आणि पाणी ओतायचं तर अजिबात नाही. ते कापड पातळ फोमवर चिकटवलेलं असतं. भिजवून घासलं की गोंद सुटतो आणि कापड लोंबायला लागतं. पांढरं फडकं शाम्पूच्या फेसात बुडवून घट्ट पिळा आणि डागाच्या कडेकडून आत टिपत या. आधी कोपऱ्यात, दिसणार नाही अशा जागी करून बघा. थोडी छटा राहील, ती राहू द्या.